पहिल्यांदाच लांब चालायचे आहे? आंजर्ले ते दाभोळ : चार दिवस, चार मजली

रोज जेमतेम बारा किलोमीटर, मुक्कामाला गाव आणि उजव्या हाताला समुद्र. गावागावांतून चालत जाण्याचा पहिला बेत कसा आखायचा, याची ही उजळणी.

महर्षी धोंडो केशव कर्वे सतराएक वर्षांचे असताना दापोली तालुक्यातल्या मुरुडहून साताऱ्याला चालत गेले होते. सरकारी परीक्षेला बसायचे होते. अंतर सुमारे ११० मैल, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. तेही भर पावसात, डोंगर चढून. साताऱ्यात पोहोचल्यावर ‘वय लहान दिसते’ म्हणून त्यांना परीक्षेलाच बसू दिले नाही.

तेव्हा चालण्यावाचून इलाज नव्हता. आज त्याच मुरुडमध्ये सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते. शेजारच्या कर्द्यापर्यंतही पाहुणे क्वचितच पायी जातात. गावे तीच, पाखाड्या त्याच, पण एका गावातून दुसऱ्या गावात चालत जायचे असते हेच आपण विसरलो आहोत.

अलीकडे मात्र अनेकांना पुन्हा चालावेसे वाटते. ट्रेकची धास्ती वाटते, गडाचा चढ झेपेल की नाही याची खात्री नसते, पण तीन-चार दिवस शांतपणे चालत राहावे अशी इच्छा असते. अशांनी सुरुवात कुठून करावी? दापोलीचा किनारा त्यासाठी सोयीचा आहे.

हाच मार्ग का?

पहिल्या लांब चालीसाठी मार्ग निवडताना चार गोष्टी पाहायच्या. दर चार-सहा किलोमीटरवर वस्ती आणि पाणी हवे. एका दिवसात आरामात गाठता येईल अशा अंतरावर रात्रीची सोय हवी. मध्येच सोडावे लागले तर परतीला एसटी किंवा रिक्षा मिळायला हवी. आणि वाट चुकण्याची भीती कमीत कमी हवी.

आंजर्ले, हर्णै, मुरुड, कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे, दाभोळ ही गावांची माळ या चारही कसोट्यांना उतरते. उत्तरेकडून दक्षिणेकडे निघालात की समुद्र सतत उजव्या हाताला राहतो. मधे टेकडी आली, रस्ता आत वळला, तरी दिशेचा गोंधळ होत नाही. एकूण चाल ४५ ते ५० किलोमीटरची भरते. किनाऱ्याने गेलात की रस्त्याने, आणि मुक्कामाचे घर गावाच्या कोणत्या टोकाला आहे, यावर दोन-तीन किलोमीटर इकडेतिकडे होतात. म्हणून मोजताना गाव ते गाव न मोजता घर ते घर मोजावे.

एक खबरदारी आधीच घ्या. हे मुरुड दापोलीचे. रायगड जिल्ह्यातले मुरुड-जंजिरा वेगळे. खोली ठरवताना तालुका विचारून घ्या.

रोज किती चालायचे?

नवख्यांची पहिली चूक इथेच होते. शहरात तासाला पाच किलोमीटर चालतो, मग सहा तासांत तीस होतील, असा हिशेब कागदावर मांडला जातो. प्रत्यक्षात पाठीवर पिशवी असते, वाळू असते, चढ असतो, पाणी प्यायला आणि माणसांशी बोलायला थांबणे असते. हे सगळे धरून तासाला तीन किलोमीटर हा प्रामाणिक वेग आहे.

या बाबतीत वारीकडून शिकण्यासारखे आहे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर साधारण अठरा दिवसांत पार करते. सरासरी काढली तर रोजचे चौदा किलोमीटर होतात. पुणे ते सासवडसारखा एखादा टप्पा मोठा असतो, पण पुण्यात दोन दिवसांचा मुक्कामही असतो. रोजची मजल, दुपारचा विसावा आणि रात्रीचा तळ हे सारे आधी ठरलेले असते. पिढ्यान् पिढ्या चालणाऱ्यांनी बसवलेली ही घडी आहे. कोण किती जोरात चालतो याला तिथे महत्त्व नाही. सगळ्यांना शेवटपर्यंत पोहोचता यावे, अशी ती रचना आहे.

पहिल्या चालीसाठी नियम एकच लक्षात ठेवा. उद्या पुन्हा चालता येईल एवढेच आज चालायचे. त्या हिशेबाने रोजचे दहा ते तेरा किलोमीटर पुरेत. सकाळी सातला निघालात तर अकरा-साडेअकराला मुक्काम गाठता येतो. उन्हाचा तडाखा वाढायच्या आत पाय मोकळे होतात आणि गाव पाहायला अख्खी दुपार-संध्याकाळ उरते.

चार दिवसांचा आराखडा

आदल्या दिवशी : आंजर्ले. कोकण रेल्वेने आलात तर खेडला उतरा. तिथून एसटीने दापोली आणि दापोलीहून आंजर्ले. संध्याकाळी कड्यावरच्या गणपतीपर्यंत चढून जा. वरून सुवर्णदुर्ग आणि पुढचा किनारा दिसतो. उद्याची वाट आज डोळ्यांनी पाहून ठेवणे हा उत्तम सराव आहे. वाचनाची आवड असेल तर आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. शेजारचे मुर्डी हे रँग्लर परांजपे आणि कादंबरीकार श्री. ना. पेंडसे यांचे गाव.

पहिला दिवस : आंजर्ले ते मुरुड, सुमारे ११-१२ किलोमीटर. खाडीवरच्या पुलावरून पलीकडे जायचे. पाजपंढरीची कोळीवस्ती लागते आणि मग हर्णै बंदर. अर्धी मजल इथे संपते. न्याहारी, चहा आणि बंदरावरची लगबग यासाठी तासभर राखून ठेवा. किनाऱ्यावर कनकदुर्ग, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. पुढे पाळंदे, सालदुरे करत मुरुड. दुर्गादेवीचे देऊळ आणि नारळी-पोफळीच्या आगरांमधली जुनी आळी संध्याकाळी पाहण्यासारखी आहे.

दुसरा दिवस : मुरुड ते लाडघर, सुमारे १०-११ किलोमीटर. सकाळची पहिली चार किलोमीटर कर्द्यापर्यंत सरळ किनाऱ्याने. ओल्या, कडक वाळूवर चालणे सुखाचे असते. कर्द्यानंतर रस्ता टेकडीवर चढतो. चढ मोठा नाही, पण सावली कमी आहे. पाण्याच्या बाटल्या कर्द्यातच भरून घ्या. लाडघरला तांबूस छटेच्या पाण्यामुळे ओळखले जाणारे तामसतीर्थ आहे.

तिसरा दिवस : लाडघर ते कोळथरे, सुमारे ११-१२ किलोमीटर. पहिल्या तासाभरात बुरोंडी येते. परशुरामाचा भव्य पुतळा इथेच आहे. पुढचा टप्पा चारही दिवसांतला सर्वांत शांत आहे. वस्ती विरळ, जांभ्याचा सडा, आंबा-काजूच्या बागा. दुकानांवर विसंबून राहू नका. बुरोंडीतच पाणी आणि खाऊ घ्या. कोळथऱ्यात कोळेश्वराचे देऊळ आणि गर्दी नसलेला किनारा आहे.

चौथा दिवस : कोळथरे ते दाभोळ, सुमारे १२-१४ किलोमीटर. ही सर्वांत लांब मजल मुद्दाम शेवटी ठेवली आहे. तीन दिवसांत पाय तयार झालेले असतात आणि दुसऱ्या दिवसाची चिंता नसते. पंचनदीमार्गे रस्त्याने दाभोळ गाठायचे. चंडिकादेवीचे गुहेतले मंदिर आणि खाडीकाठची शाही मशीद ही दोन्ही ठिकाणे दाभोळच्या जुन्या बंदराची आठवण देतात. इथून एसटीने दापोलीला परता, किंवा फेरीबोटीने वाशिष्ठी ओलांडून धोपाव्याला उतरा आणि गुहागरकडे जा.

हौस असेल आणि एक दिवस हाताशी असेल तर सुरुवात आणखी उत्तरेला, केळशीपासून करता येते. मात्र केळशी ते आंजर्ले ही मजल लांब आणि चढउताराची आहे. पहिल्याच दिवशी ती अंगावर घेऊ नये.

भरती-ओहोटीचे गणित कसे जमवायचे?

या वाटेवर घड्याळाइतकीच तिथीही महत्त्वाची. किनाऱ्याने चालायचे तर ओहोटी हवी. भरतीला चालायला फक्त वरची भुसभुशीत वाळू उरते आणि तिच्यात प्रत्येक पाऊल रुतते. तेवढ्याच अंतराला दीडपट-दुप्पट दम लागतो.

कोकणात यासाठी सोपा हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी, सकाळी नऊच्या आसपास, पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, तर ओहोटी बाराला. वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते. हा अंदाज आहे. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, त्यामुळे निघण्याआधी भरतीच्या वेळांचे तक्ते पाहा आणि गावातल्या मच्छीमारांना विचारून घ्या.

याचा उपयोग बेत आखताना होतो. सकाळी सात ते अकरा चालायचे असेल, तर ओहोटी साडेआठ ते अकराच्या दरम्यान असलेली बरी. तृतीया ते षष्ठी या तिथींना ती तशीच असते. म्हणून शुद्ध किंवा वद्य पक्षातल्या तृतीयेला पहिली मजल सुरू केली, तर चारही सकाळी ओला किनारा मिळतो. महिन्यातून दोनदा अशी संधी येते. कॅलेंडरवर आधी या तारखांवर खूण करा आणि मग रजा मागा.

तीन गोष्टी कटाक्षाने टाळा. भरती चढत असताना टेकडीच्या पायथ्याच्या खडकांवरून वळसा घालून पलीकडे जाण्याचा प्रयत्न करू नका. पाणी मागून वाट अडवते. खाडीचे मुख उथळ दिसले तरी स्थानिकांना विचारल्याशिवाय त्यात उतरू नका. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी नेहमीपेक्षा बरेच वर येते, हे ध्यानात ठेवा.

कधी जायचे?

डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा उत्तम काळ. ऑक्टोबरमध्ये उकाडा असतो, मार्चनंतर ऊन आणि दमटपणा दोन्ही वाढतात. पावसाळ्यात कोकण सुंदर दिसते, पण पहिल्या चालीसाठी तो काळ नाही. वाटा निसरड्या होतात, समुद्र खवळलेला असतो.

नाताळ ते नववर्ष हा आठवडा आणि शनिवार-रविवार टाळा. मुरुड-कर्द्याला तेव्हा खोली मिळणे कठीण असते, शिवाय वाळूवर गाड्या पळवणारेही असतात. रविवारी संध्याकाळी आंजर्ल्याला पोहोचून सोमवारी निघणे सर्वांत सोयीचे.

फेब्रुवारीच्या पुढे या पट्ट्यात काही ठिकाणी ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात. रात्री किनाऱ्यावर विजेऱ्या घेऊन फिरू नका. कुंपण घातलेल्या घरट्यांपासून लांब राहा.

राहणे-जेवणे कसे ठरवायचे?

या गावांत ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशा पाट्या जागोजागी दिसतात. तरीही चारही रात्रींची सोय निघण्यापूर्वी फोनवर पक्की करा. फोनवर चार गोष्टी स्पष्ट सांगा : आम्ही चालत येणार आहोत, साधारण बारापर्यंत पोहोचू, दुपारचे जेवण लागेल आणि सकाळी साडेसहाला चहा-नाश्ता हवा. गाडीने येणारे पाहुणे दुपारी उशिरा येतात आणि सकाळी उशिरा उठतात, घरातली कामे त्याच बेताने चालतात. तुमची वेळ वेगळी आहे, हे त्यांना आधी कळायला हवे.

जेवण सांगितल्याप्रमाणेच केले जाते. अचानक चौघे जाऊन ‘काय तयार आहे?’ विचारले तर बहुतेक वेळा काहीच तयार नसते. आदल्या रात्री पुढच्या मुक्कामाला फोन करून माणसे किती, शाकाहारी किती हे पुन्हा सांगावे. मग तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले, सोलकढी असे साधे आणि पोटाला न बाधणारे जेवण मिळते. तळलेले मासे रात्रीसाठी ठेवा. चालायचे असताना सकाळी घावन किंवा पोहे पुरतात.

रोख पैसे जवळ हवेतच. मोबाइलने पैसे देणे सगळीकडे चालते, पण रेंज सगळीकडे नसते.

पिशवीत काय असावे?

पिशवीचे वजन तुमच्या वजनाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको. साठ किलोच्या माणसाने पाण्यासकट सहा किलोंवर थांबावे. रोज रात्री घरात मुक्काम आहे, त्यामुळे तंबू, स्टोव्ह, पांघरूण काहीच लागत नाही.

- अंगावरचे धरून कपड्यांचे दोन जोड, लांब बाह्यांचे, सुती किंवा लवकर वाळणारे. एक जोड रोज धुवायचा.
- मोज्यांचे तीन जोड.
- मुरलेले बूट, आणि घरात व किनाऱ्यावर वापरायला हलक्या सँडल.
- काठाची टोपी, सनस्क्रीन, पातळ पंचा.
- दोन लिटर पाणी मावेल एवढ्या बाटल्या, ओआरएसची पाकिटे, चिक्की, खजूर.
- चिकटपट्टी, जंतुनाशक मलम, रोजची औषधे.
- विजेरी, पॉवर बँक, मोबाइलमध्ये आधीच उतरवून घेतलेला नकाशा.
- ओळखपत्र आणि एका कागदावर लिहिलेले मुक्कामांचे व घरचे फोन नंबर. मोबाइल भिजला की या कागदाची किंमत कळते.

पाय कसे जपायचे?

चाल मोडते ती बहुधा दम लागल्यामुळे नाही, टाचेवरच्या फोडामुळे. फोड येण्याआधी त्या जागी गरम, हुळहुळते. त्याच क्षणी थांबा. ‘पुढच्या गावात बघू’ म्हणू नका. बूट काढा, वाळू झटका, पाय कोरडा करा, त्या जागी चिकटपट्टी लावा, मोजे बदला. दहा मिनिटांचे हे काम पुढचे दोन दिवस वाचवते.

नवे बूट घालून निघू नका. चालून चालून पाय थोडा सुजतो, म्हणून बूट अर्धा नंबर मोठे असलेले बरे. किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे एकाच बाजूने फार वेळ चालले तर एका गुडघ्यावर आणि कमरेवर ताण येतो. मधूनमधून रस्त्यावर या. पाण्यात भिजलेल्या पायांनी बूट घालून चालणे म्हणजे फोडांना आमंत्रण.

तयारी किती दिवसांची?

रोज थोडेफार चालणाऱ्याला सहा आठवडे पुरतात.

- पहिला-दुसरा आठवडा : आठवड्यातून चार दिवस चार किलोमीटर, रविवारी सहा.
- तिसरा-चौथा आठवडा : चार दिवस पाच किलोमीटर, रविवारी आठ ते दहा. पाठीवर तीन किलोची पिशवी.
- पाचवा आठवडा : शनिवारी दहा, रविवारी आठ. पूर्ण पिशवी, तेच बूट, तेच मोजे.
- सहावा आठवडा : हलके चालणे, भरपूर झोप.

यातला पाचवा आठवडा सर्वांत महत्त्वाचा. एका दिवशी दहा किलोमीटर चालणे अनेकांना जमते. दुखऱ्या पायांनी दुसऱ्या सकाळी पुन्हा निघणे ही खरी परीक्षा, आणि ती घराजवळ दिलेली बरी. मधुमेह, हृदयविकार किंवा गुडघ्याचा जुना त्रास असेल तर डॉक्टरांशी बोलूनच बेत करा. मधुमेह असलेल्यांनी रोज रात्री तळपाय उजेडात नीट पाहावेत. फोड आला तरी कधी कधी जाणवत नाही.

मध्येच सोडावे लागले तर?

हा प्रश्न विचारायला लोक लाजतात, म्हणून इथे स्वतःचीच गोष्ट सांगतो. माझा या वाटेवरचा पहिला प्रयत्न फसला होता. उत्साहाच्या भरात आंजर्ले ते लाडघर एकाच दिवसात करायचे ठरवले. बूट नवे होते. हर्णैत टाच हुळहुळू लागली तेव्हा थांबलो नाही. कर्द्याला पोहोचेपर्यंत भर दुपार झाली, भरती चढली होती आणि वरच्या वाळूतून पाय ओढत चालावे लागले. लाडघर गाठले तेव्हा दोन्ही टाचा सोलवटल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तरीही पिशवी पाठीला लावली. ज्या घरी उतरलो होतो तिथल्या काकूंनी पायांकडे पाहिले आणि म्हणाल्या, “दुखतंय तर राहा आजचा दिवस. समुद्र काही पळून जात नाही.” राहिलो. तिसऱ्या दिवशी एसटीने दापोली आणि मग घर. दीड महिन्याने पुन्हा आलो तो थेट लाडघरलाच. तिथून पुढे दाभोळपर्यंत चाललो, रोज बारा किलोमीटर, जुन्या बुटांनी.

सांगायचे ते इतकेच. ही गडाची चढाई नाही. मागे फिरण्यात धोका नाही आणि कमीपणाही नाही. सोडायची सोय बेतातच ठेवा. प्रत्येक मुक्कामाच्या गावातून दापोलीला जाणाऱ्या एसटीच्या वेळा आदल्या संध्याकाळी विचारून लिहून ठेवा. फेऱ्या मोजक्या असतात आणि वेळा बदलतात, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नका. सध्या एसटीत महिलांना आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना तिकिटात निम्मी सवलत आहे, ७५ च्या पुढच्यांना प्रवास मोफत आहे. ओळखपत्र जवळ ठेवा.

पुढीलपैकी काहीही झाले तर त्या दिवशीची चाल थांबवा : लंगडत चालावे लागत असेल, चक्कर किंवा मळमळ होत असेल, घाम येणे थांबून अंग तापले असेल, छातीत दुखत असेल. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक लक्षात ठेवा. एकटे चालत असाल तर रोज निघताना आणि पोहोचल्यावर घरी फोन करा. पुढच्या मुक्कामालाही निघाल्याचे कळवा. बारा वाजून गेले आणि पाहुणा आला नाही, तर चौकशी करणारे कोणीतरी हवे.

गावातून जाताना काय पाळायचे?

गाडीतून जाणारा माणूस गावाला फारसा दिसत नाही, चालणारा लगेच दिसतो. त्यामुळे बोलणे आपण सुरू करावे. ‘काका, ही पाखाडी खाली किनाऱ्याला उतरते का?’ एवढे विचारले की वाट कळते, शिवाय पुढे कुठे पाणी आहे, कुठे कुत्री अंगावर येतात हेही कळते. कोकणातल्या बऱ्याच पायवाटा कोणाच्या तरी आगरातून किंवा अंगणाजवळून जातात. नकाशावर वाट दिसते म्हणून ती सार्वजनिक आहे असे समजू नका. विचारून जा.

बेडे उघडून आत गेलात तर मागे ते लावून घ्या, नाहीतर गुरे बागेत शिरतात. गडग्याचे दगड पाडू नका. पडलेला नारळ किंवा आंबा बेवारस नसतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा आंब्याच्या मोहोराचा काळ. बागांमध्ये फवारणी चालू असते. वास आला किंवा पंप दिसला तर बागेतून जाऊ नका. वाळत घातलेल्या मासळीचे, काम करणाऱ्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. आणि जो कचरा पिशवीतून आणला तो पिशवीतूनच दापोलीपर्यंत न्या.

खर्च करताना मात्र हात थोडा सैल सोडा. चहा टपरीवर घ्या, कोकम आणि पोह्याचे पापड ज्या घरी उतरलात तिथूनच घ्या. बुरोंडी-कोळथऱ्यासारख्या गावांतून पर्यटकांच्या गाड्या बहुधा न थांबता निघून जातात. पायी जाणाऱ्याला मात्र तिथे थांबावेच लागते, आणि त्यातून दोन पैसे त्या गावात राहतात.

निघण्याआधी शेवटची उजळणी

- तृतीया ते षष्ठीच्या तारखा आणि त्यातले सुट्टी नसलेले दिवस पाहिले?
- चारही मुक्काम फोनवर पक्के केले, पोहोचण्याची वेळ सांगितली?
- घर ते घर अंतर मोजले? एकही मजल चौदा किलोमीटरच्या वर नाही ना?
- लागोपाठ दोन दिवस पूर्ण पिशवी घेऊन चालून पाहिले?
- घरच्या एका माणसाकडे पूर्ण बेत लिहून दिला?

पाचही उत्तरे ‘हो’ असतील तर पुढची तिथी पाहा आणि खेडचे तिकीट काढा. एखादे उत्तर ‘नाही’ असेल तर पंधरा दिवस थांबा. पुढच्या पक्षातली तृतीया येतेच आहे, आणि समुद्र काही पळून जात नाही.